जयसिंग आला की

जयसिंग आला की नेट जातं, हे बाबांनी अकराव्यांदा सांगितलं तेव्हा ज्ञानदा बावधनच्या ऑफिसात, मशीनच्या चहाचा कागदी कप हातात धरून खिडकीशी उभी होती, आणि आता आपण ओरडणार असं तिला वाटलं. ती ओरडली नाही. ओरडणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती आवाज खाली घ्यायची आणि शब्द सुटे सुटे करायची, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं, असं आई असताना म्हणायची. "बाबा," ती म्हणाली, "माणूस आल्यानं राउटर बंद पडत नाही." "माणूस आल्यानं पडतो असं मी म्हटलेलंच नाही. जयसिंग आल्यानं पडतो. परवा कैलास वायरमन दोन तास बसून गेला, दिव्याला काही झालं नाही." "म्हणजे जयसिंगकाकांचा पायगुण." "पायगुण हा शब्द तुझा. मी नोंद सांगतोय. पाच चाळीसला तो आला, पाच एक्केचाळीसला दिवा तांबडा. सहा दहाला गेला, सहा बाराला हिरवा. आता बोल." "बंद करून चालू केला का?" "केला." "तीस सेकंद थांबून?" "घड्याळ लावून तीस. परत तांबडा. ज्ञानदा, हे उत्तर तू मला दिवाळीपासून देतेयस." "कारण तुम्ही प्रश्न तोच विचारताय दिवाळीपासून." पलीकडे बाबा हसले. त्यांना असल्या बोलण्याचा राग यायचा नाही, आणि ज्ञानदाला नेमका त्याचाच राग यायचा. "मला मीटिंग आहे," ती म्हणाली. मीटिंग नव्हती. बुधवार होता, सव्वासहा वाजले होते, खाली चांदणी चौकाकडे जाणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि चहा नेहमीसारखा बेचव होता. त्या दिवसात याहून वेगळं काही नव्हतं. नंतर तिनं तो दिवस पुष्कळ उलटापालटा करून पाहिला, कुठं काही सूचना, अंगावर काटा, डाव्या डोळ्याची फडफड, काही नव्हतं. एक वैतागलेली बाई आणि तिच्या हातात गार होणारा चहा.

गुरुवारी संध्याकाळी बाबा गेले.

आता दहावा होऊन तीन दिवस झाले होते. नातेवाईक आले तसे आपापल्या गाड्यांतून परत गेले होते, आणि मुठा गावातल्या बाबांच्या या दोन खोल्यांच्या घरात, ओसरीवर बाबांच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडून ती ऑफिसचं काम करत बसली होती. शैलेश, तिचा मॅनेजर, म्हणाला होता, टेक युअर टाइम, काही घाई नाही, आणि त्याच मेसेजच्या खाली दुसरा मेसेज होता की तो पुढच्या आठवड्याचा अहवाल फक्त एकदा नजरेखालून घाल. ती वैतागली आणि घालायला बसली. वैताग बरा होता. वैतागाला धरून उभं राहता येत होतं. दहाव्याला आलेल्या प्रत्येकानं डोळे पुसून झाल्यावर वायफायचा पासवर्ड विचारला होता, आणि तिनं प्रत्येकाला तो सांगितला होता, कारण तो बाबांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. गावाच्या या खोलगट बाजूला मोबाइलची रेंज येत नाही, बोलायचं तर वायफायवरून, नाहीतर शाळेच्या चढापर्यंत जायचं. पंधरा-वीस माणसं, तेवढेच फोन. राउटर एकदाही बंद पडला नाही. हिरवा दिवा बाबांच्या फोटोच्या वर तसाच लागलेला. तिला त्याही गर्दीत मनात म्हणावंसं वाटलं होतं, बघा बाबा, बघा, काही झालेलं नाही तुमच्या राउटरला. आणि मग त्या म्हणण्याची लाज वाटून ती आत पाणी आणायला गेली होती.

राउटर तिनंच आणून दिला होता. तिची कंपनी राउटरमधलं सॉफ्टवेअर करायची, आणि तिचं काम त्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधून, त्यांना क्रमांक देऊन, त्यांच्याविषयी लोकांना कळेल असं लिहिण्याचं. ती चांगलं लिहायची. घरी चार कपाटं पुस्तकं होती तिच्याकडे, आणि त्यांचा उपयोग शेवटी एवढाच झाला होता की तिच्या अहवालातलं वाक्य कुणाला दोनदा वाचावं लागत नसे. भोकं तीन जातींची. एकातून माहिती चोरीला जाते, दुसऱ्यातून परका माणूस यंत्राचा ताबा घेतो, आणि तिसऱ्यातून काहीच जात नाही, कुणी आत येत नाही; यंत्राला नको ते खायला घातलं की ते फक्त बंद पडतं, आणि ज्यांना ते हवं असतं त्यांना मिळत नाही. तिसऱ्या जातीपुढे ती 'तीव्रता: मध्यम' लिहायची. सगळेच लिहितात. 'या त्रुटीमुळे माहितीस धोका नाही. फक्त सेवा तात्पुरती खंडित होऊ शकते.' हे 'फक्त' तिनं नऊ वर्षं लिहिलं होतं आणि त्यात तिला कधी काही खुपलं नव्हतं.

बाबांची तक्रारही तिनं रीतसर नोंदवली होती, डिसेंबरात, त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून. बारा फोन टेबलावर मांडले, राउटरला जोडले, काढले, परत जोडले. फोनांची नावं टेस्ट वन, टेस्ट टू अशी बारापर्यंत. टीममधली अर्धी माणसं लातूर, सातारा, वर्ध्याची. चहाला मराठीत भांडायची, शिव्या मराठीत द्यायची, आणि की-बोर्डावर बोटं ठेवली की त्यांतल्या एकाच्याही डोक्यात मराठी अक्षर यायचं नाही. राउटर उत्तम चालला. तिनं तक्रारीखाली लिहिलं, पुन्हा घडवून आणता आली नाही, आणि ती बंद केली. बाबांना तिनं सांगितलं, तुमची केस क्लोज झाली. ते म्हणाले, कुणाला विचारून? त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती, त्यांतली चौदा तक्रारींच्या टेबलावर, आणि तिथला रिवाज असा की लाइन दुरुस्त झाली म्हणून तक्रार बंद होत नाही. ग्राहकाला रिंग द्यायची, विचारायचं, साहेब, लागला का फोन, आणि तो हो म्हणाला की मगच त्या रकान्यात टिक. "तू मला रिंग दिली नाहीस," ते म्हणाले. ज्ञानदा म्हणाली, "बाबा, जग बदललंय." "रिंग द्यायला किती बदलावं लागतं?" यावर तिनं काय उत्तर दिलं होतं ते तिला आठवत नव्हतं. बहुतेक मीटिंग आहे म्हणाली असेल.

फोन बाबा फक्त कामापुरता वापरायचे. खरा जीव नोंदवहीवर. वही ती आज पहिल्यांदा उघडत होती. आतापर्यंत ती टेबलावरच होती आणि ज्ञानदा तिच्यावर कप ठेवत होती. जुन्या एक्स्चेंजासारखे पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वेळ, लक्षण, कारण, आणि शेवटचा, ग्राहकास कळवले. लक्षणाच्या रकान्यात 'जयसिंग आला' आणि 'जयसिंग गेला' यांची रांग. एका ठिकाणी 'जयसिंग कुंपणापाशी उभा, आत आला नाही, तरी बंद'. एका ठिकाणी 'जयसिंगची आई गोजराबाई ताक घेऊन आल्या, पाऊण तास, बंद नाही. घराण्याचा दोष नव्हे'. ती हसली, आणि हसण्याचा आवाज रिकाम्या ओसरीत विचित्र वाटला. नोव्हेंबरच्या आधी एकही नोंद नव्हती. आणि शेवटची नोंद बुधवारची, तिच्याशी बोलून झाल्यानंतरची, कारण वेळ सहा पंचवीस होती: 'ज्ञाशी बोललो. तिला मीटिंग. शंका: माणूस, की माणसाच्या खिशातला फोन? उद्या जयसिंगला फोन घरी ठेवून बोलावणे.' कारणाचा रकाना कोरा. पुढची पानं आखून तयार होती. हे काय, तिला वाटलं, हे तुम्ही मला बुधवारीच का नाही म्हणालात, हे म्हणाला असतात तर मी. आणि ते वाक्य तिनं तिथंच सोडलं, कारण या वेळी तिला खरंच मीटिंग होती.

जयसिंग शेजारचा. त्याची भातखाचरं याच घराच्या मागच्या बाजूला, आणि हे घर ज्यावर उभं होतं ते दोन गुंठेही एकेकाळी त्याचेच. बाबांना तो साहेब म्हणायचा आणि रोज पाच-साडेपाचला चहाला यायचा. गुरुवारीही तोच आला, आणि त्यालाच बाबा या टेबलाशी छाती धरून बसलेले दिसले. तो शाळेच्या चढापर्यंत धावला, तिथून ज्ञानदाला फोन केला, पौडहून अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. गाडी आली तेव्हा काही उरलं नव्हतं. पौडचा डॉक्टर म्हणाला, मोठा अटॅक होता, वीस मिनिटं आधी पोचलो असतो तरी सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं. ज्ञानदाला त्या वाक्याची रचना आवडली नव्हती. तिनं अहवालात असलं वाक्य काढून टाकलं असतं. तेव्हापासून जयसिंग घरात आला नव्हता. नदीवर सगळं उभं राहून त्यानंच केलं, कावळ्याला हाका त्यानंच मारल्या, पण ओसरीची पायरी चढला नाही. दूध त्याची आई गोजराबाई आणून द्यायची. पहिले दोन दिवस ज्ञानदाला बरं वाटलं, मग तिला राग यायला लागला. तेरा वर्षं चहा प्यालेला माणूस, येऊन दोन मिनिटं बसता येत नाही?

साडेपाचला ती शैलेशशी व्हिडिओवर बोलत होती. शैलेश म्हणत होता, ज्ञानदा, तो तिसरा मुद्दा आपण मध्यमवरून लो करून टाकू, सेवाच तर बंद पडते, इट्स जस्ट डिनायल ऑफ सर्व्हिस, आणि त्याचं तोंड सर्व्हिसवर उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. तिनं मान वर केली. फोटोच्या वर दिवा तांबडा. तिनं बाहेर पाहिलं. कुंपणापाशी, फाटकाला हात न लावता, हातात दुधाची किटली घेऊन जयसिंग उभा होता.

लॅपटॉप तसाच सोडून ती उठली. तिला उठवलं ते दुःखानं नव्हतं. दुःखाला ती आता ओळखत होती. हे कामाच्या ठिकाणचं होतं, भोक सापडतं तेव्हाचं, गार आणि जवळजवळ आनंदाचं, आणि ते इथं, या टेबलाशी यावं याची तिला किळस आली. दिवा हिरवा झाला, जेमतेम अर्धा मिनिट, आणि परत तांबडा. ती फाटकाशी गेली.

"आई गुडघं धरून बसलीया," जयसिंग म्हणाला. "म्हून म्या आलो. हितंच घ्या ताई, म्या आत न्हाई येत."

"काका, तुमचा फोन खिशात आहे?"

"हाय की."

"द्या जरा."

त्यानं तो शर्टाच्या खिशातून काढून, पुसून दिला. जुना, कोपऱ्यात तडकलेला. "साहेबांनीच नीट करून दिल्याला. दिवाळीत पौडच्या स्टँडवर इसरलो व्हतो, कंडक्टरनं ठिवून घेतला म्हून घावला. तवा साहेब म्हणलं, जयसिंग, पत्ता नसल्यालं टपाल कुटंबी जातंय. मग त्येंनी आत पत्ता टाकला."

तिनं सेटिंगमधलं आतलं पान उघडलं. फोनचं नाव. तिथं लोक काहीच लिहीत नाहीत, कंपनीनं दिलेलं तसंच राहू देतात. तिथं बाबांच्या शिस्तीत, स्वल्पविरामांसकट, लिहिलेलं होतं: जयसिंग बहिरू, मु. पो. मुठा, ता. मुळशी.

फोन ओसरीच्या टप्प्यात आला की राउटरला आपलं नाव सांगतो. ते नाव ठेवायला राउटरमध्ये चौसष्ट खणांची जागा. नाव मोठं असेल तर नाकारायचं, अशी तपासणी आहे. तिनंच ती तीन वर्षांपूर्वी वाचून बरोबर म्हणून सही केली होती. पण तपासणी चिन्हं मोजते, आणि इंग्रजी अक्षर, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोकळी जागा एकेक खण घेतात, मराठी चिन्ह, प्रत्येक काना-वेलांटी वेगळी धरून, तीन. तिनं फाटकावर बोट ठेवून मोजलं. सदतीस चिन्हं, चौसष्टच्या आत, येऊ द्या. खण मात्र एकोणनव्वद. उरलेले पंचवीस शेजारच्या जागेवर सांडतात, यंत्र गोंधळून स्वतःला बंद करतं, पुन्हा उठतं, आणि उठताक्षणी जयसिंगचा फोन अदबीनं पुन्हा आपलं नाव, गाव, तालुका सांगतो. तीस सेकंद थांबा. परत तांबडा. जयसिंग निघून जाईपर्यंत.

इतकं सोपं होतं. इतकं मूर्खासारखं सोपं, की कुणा एकाच्या नावावर राग काढावा तर ते नाव शोधायला लांब जावं लागत नव्हतं. बारा फोन, टेस्ट वन ते टेस्ट ट्वेल्व्ह. त्यांतल्या एकाला तिनं स्वतःचं नाव, आपल्या आईनं ठेवलेलं, आपल्या लिपीत दिलं असतं तरी पुरलं नसतं म्हणा, ज्ञानदा फार लहान. पण वडिलांचं नाव, आडनाव, गाव, जसं शाळेच्या वहीवर लिहितात तसं. बाबांनी तिच्या प्रत्येक वहीवर लिहिलं होतं.

"काय झालं ताई?" जयसिंगनं विचारलं. "बंद पडलं न्हवं? म्या सांगतो. म्या आलो की बंद पडतंय ते. साहेब थट्टेनं म्हणायचे, जयसिंग, तुझी लाइनशी दुश्मनी हाय. म्याबी हसायचो." किटली त्यानं या हातातून त्या हातात घेतली. "त्या दिशी म्या आलो तवा ते छातीला हात लावून बसल्यालं. म्हणलं काय व्हतंय, तर घाम नुसता. त्येंचा फोन लावला, लागंना. माझा लावला, लागंना. दिवा तांबडा. तर त्येंनी माझ्याकडं बोट केलं, हितं, छातीकडं, खिशाकडं. आन म्हणलं, तू जा. म्या म्हणलं, साहेब, तुमास्नी टाकून कसा जाऊ? तर जोरात म्हणलं, जयसिंग, जा तू, लांब जा." तो फाटकाच्या खालच्या कडीकडे बघत होता. "तेरा वर्सं चहा पाजला त्या मानसानं. कदी वंगाळ शबुद न्हाई. आन मरताना मला म्हणला लांब जा. म्हंजी त्येलाबी शेवटाला पटलं असंल, की माझा पायच तसला. म्हून म्या आत न्हाई येत, ताई. तुमी एकट्या हाय आत."

कुठंतरी पाण्याचा पंप सुरू झाला. ज्ञानदाच्या हातात तो फोन होता आणि तो गरम लागत होता. लांब जा. ती बाबांना त्या खुर्चीत पाहत होती, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा तिला मेलेला न दिसता विचारात असलेला दिसला, एक्स्चेंजातून घरी आल्यावर जेवताना असायचा तसा. छातीत तसली कळ, आणि हा माणूस दोष शोधतोय. दोष सापडलाय. फॉल्ट समोरच उभा आहे, त्याला हद्दीबाहेर पाठवलं की लाइन येईल, लाइन आली की फोन लागेल. राउटरनं ठेवलेली त्या गुरुवारची नोंद तिनं पहिल्याच आठवड्यात पाहिली होती, सवयीनं, काही न कळता: पाच बावन्नला सेवा पूर्ववत. पाच बावन्नला बाबांचं बरोबर ठरलं होतं. त्यानंतर त्या घरातून कुणी फोन केला नाही.

आता दोन वाक्यं तिच्याजवळ होती. एक: काका, असं काही नसतं, राउटर जुना झाला होता. ते चांगलं वाक्य होतं, छोटं, कुणाला न लागणारं. जयसिंग मान हलवील, विश्वास ठेवणार नाही, आणि जन्मभर लोकांच्या ओसरीबाहेर उभा राहील. दुसरं, म्हणजे खरं, सांगायचं तर त्याच्या खिशातला फोन सांगावा लागणार, बाबांनी प्रेमानं घातलेला पत्ता सांगावा लागणार, आणि तेवढ्यावर थांबलं तर ते पहिल्याहून वाईट. तेवढ्यावर थांबता येणार नव्हतं, पुढे स्वतःचंही नाव घ्यावं लागणार होतं. तिच्या मागं ओसरीवर शैलेशचं तोंड अजून उघडंच असेल. तिला अचानक सगळ्यांचा एकदमच वैताग आला, शैलेशचा, डॉक्टरचा, मध्यम या शब्दाचा, गुडघे धरून बसलेल्या गोजराबाईचा, या अदबशीर माणसाचा, जो दोष आपला नसताना इतक्या सहज आपल्या अंगावर घेतो. आणि या सगळ्यांच्या पलीकडे बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा, जो अकरा वेळा सांगूनही एकदाही म्हणाला नाही, की ज्ञानदा, तू माझं ऐकत नाहीस. फक्त नोंद करत राहिला.

"काका, तुमचा पाय चांगला आहे," ती म्हणाली. आवाज खाली गेला नाही. "बंद पडत होतं ते या फोनमुळे. यात बाबांनी मराठीत पत्ता लिहिला, तो त्या यंत्राला पेलत नाही. यंत्राची चूक. बाबांना शंका आली होती, वहीत लिहिलंय त्यांनी, दाखवते. तुम्हाला ते हाकलत नव्हते. तुम्ही फोन घेऊन लांब गेलात तर नेट येईल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि तुम्ही गेल्यावर आलं. पाच बावन्नला आलं."

जयसिंगनं मान वर केली. "म्हंजी... माझ्या खिशातल्या फोनमुळं—"

"तुमच्यामुळे नाही. ऐका ना. यंत्र आमचं आहे. ते तपासायचं काम माझं होतं. बाबा मला दिवाळीपासून सांगत होते, जयसिंग आला की नेट जातं, आणि मी—"

"जयसिंगाऽ!" खाचराच्या पलीकडून, आपल्या पडवीतून, गोजराबाईनं हाक दिली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती जगाशी ओरडूनच बोलायची. "दूध दिलं का न्हाई? काय म्हणती पोर?"

जयसिंग वळला. त्यानं किटली फाटकाच्या खांबावर ठेवली आणि हातानंच काहीतरी खूण केली.

"हात काय हालवतुयास? काय म्हणती ती?"

ज्ञानदानं फाटक उघडलं. आयुष्यात ती कधी ओरडली नव्हती, आवाज कुठून काढायचा तेही तिला नीट ठाऊक नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"आजी," ती ओरडली, "बाबांचं बरोबर होतं! ते मला सांगत होते आणि मी ऐकलं नाही! बाबांचं बरोबर होतं!"